सतरा नंबरची आत्या

डुलूथ, मंगळवार, १२ मार्च

तीर्थरूप आर्डिस आत्या,

लिनेटचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजून घे. परवापर्यंत प्रत्यक्षात एवढी खाली वाकले असते तर उठवायला दोन माणसं लागली असती, आणि त्याचं कारण याच पत्रात पुढे येणार आहे.) तुझी तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे म्हणून विचारते, पण खरं सांगायचं तर तुझी तब्येत कशी आहे हे गेले तीन आठवडे तुझ्यापेक्षा मलाच जास्त माहीत होतं, आणि ते कळल्यापासून मला जेवण गोड लागलं नव्हतं. तळ्यावरचा बर्फ अजून टणक असेल. तू त्याला भोक पाडून बादली उपडी घालून बसत असशील. वॉलआय मासे मिळाले तर दोन माझ्यासाठी गोठवून ठेव. छपरावर मात्र चढू नकोस. जानेवारीत चढलीस, बर्फ ओढता ओढता बर्फाबरोबरच खाली आलीस, ढिगातून उठून आधी ओव्हनमधली हॉटडिश बाहेर काढलीस आणि मग केंटला फोन केलास, तोही हवामान सांगायला. आई छपरावरून पडली हे त्याला शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून तो पोरगा (पोरगा कसला, साठीला आला) फिनिक्सच्या उन्हात बसून दर रविवारी मला फोन करतो आणि "आईचं काहीतरी कर" म्हणतो. म्हणून तर 'बर्चवन' वृद्धनिवासातली ती खोली. फॉर्म तुझ्या फ्रीजच्या दारावर माशाच्या चुंबकाखाली अजून कोराच आहे हे मला ठाऊक आहे. महिनाअखेरपर्यंत सही झाली नाही तर खोली दुसऱ्या कोणाला जाईल. पण तिकडे मी मागाहून येते. आधी माझ्यावर काय कोसळलं ते ऐक.

तू चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी सगळ्यांना सांगतेस की आमची लिनेट म्हातारपणावर औषध शोधते. ते कृपा करून थांबव. शोधणारे वेगळे, मी त्यांची समन्वयक. म्हणजे आमच्या मूळपेशी आणि वार्धक्य संशोधन केंद्राचे पाच प्राध्यापक तीन इमारतींत बसतात, आणि त्या पाचांना एका टेबलाभोवती एका वेळी बसवायचं हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या इकडच्या माणसांना 'नाही' म्हणता येत नाही हे तुला मी काय सांगायचं. मी विचारते, सोमवारी नऊला जमेल का. पाचही जण लिहितात, जमवून घेऊ. त्याचा अर्थ असा की दोघांना जमेल, दोघे येणार नाहीत, आणि एकाला इतका राग आलाय की तो जूनपर्यंत माझ्याशी हवामानाखेरीज काही बोलणार नाही. एखाद्याचा प्रयोग साफ आपटला की बाकीचे मान हलवून म्हणतात, "हं, वेगळंच आहे." एवढं ऐकून तो बिचारा आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो. मीटिंगला मी खजुराच्या वड्या नेते (तुझीच कृती, लोणी जरा कमी). शेवटची वडी राहिली की तिला कोणी हात लावत नाही. एकजण सुरीने अर्धी करून घेतो, दुसरा त्या अर्धीची अर्धी, आणि मीटिंग संपताना ताटलीत जो कण उरतो तो बघायला आमच्याकडचं सूक्ष्मदर्शक लागेल. अशा माणसांकडून मी गेली नऊ वर्षं विज्ञान करून घेते आहे.

आता मूळपेशींचं एवढंच सांगते, कारण त्याशिवाय माझं दुःख तुला कळायचं नाही. आपल्या स्नायूंत काही पेशी नुसत्या झोपून असतात. स्नायूला इजा झाली की त्या उठतात, वाढतात आणि डागडुजी करतात. तरुणपणी हाकेसरशी उठतात. वय झालं की कूस बदलून पुन्हा झोपतात. आमची हमदी नावाची संशोधक त्यांना बशीत घालते, उठवते, आणि कोण किती तासांत उठलं ते लिहून ठेवते. त्यासाठी जानेवारीच्या शेवटी तीस जणांच्या मांडीतून जाड सुईने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला. तू त्यातली एक. तुला मी 'विज्ञानासाठी चल' म्हणून शहरात आणलं आणि परतताना सहज केल्यासारखी 'बर्चवन'च्या दारात गाडी उभी केली, हे मी आता कबूल करते. तू खोली पाहिलीस, खिडकीतून गाड्यांचा तळ पाहिलास, आणि म्हणालीस, "वेगळंच आहे." गाडीत रस्ताभर फक्त हवामानावर बोललीस, आणि तुझ्या पायरीशी उतरताना म्हणालीस की त्यापेक्षा लिनेट, तूच ये की इथे राहायला. मी हसून नको गं म्हटलं. (पडलीस तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस. तेव्हाही मी हसले होते.)

तर त्या तिसांतली मीही एक, कारण पन्नाशीतला एक निरोगी माणूस ऐनवेळी तापाने आडवा झाला आणि आमचे संचालक डॉ. क्विस्ट (सव्वासहा फूट उंच, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघतात) मला म्हणाले, "लिनेट, तुम्ही तशा निरोगीच दिसता." गेल्या दहा वर्षांत माझ्याबद्दल कोणी एवढं चांगलं बोललं नव्हतं, मी लगेच मांडी पुढे केली. तू सतरा नंबर, मी अठरा. बशीवर नाव नसतं, फक्त नंबर आणि वय. कुठला नंबर कोणाचा ही यादी माझ्याच कपाटात असते आणि ती कोणालाही सांगायची मला सक्त मनाई आहे. (म्हणून हे पत्र वाचून झालं की शेगडीत घाल.)

गेल्या महिन्यात एका सोमवारी हमदीने निकाल मांडले. ही हमदी मोगादिशूत जन्मली, पण आपल्याच राज्यात, सेंट क्लाउडला वाढली, त्यामुळे वाईट बातमी ती आपल्यापेक्षाही सावकाश सांगते. ती म्हणाली, "सतरा नंबर, वय चौऱ्याऐंशी. हे जरा वेगळं आहे." आम्हाला वाटलं, गेली बशी वाया. मग तिने भिंतीवर चित्र दाखवलं. बशी काठोकाठ भरलेली. तुझ्या पेशी तीस तासांच्या आत उठल्या होत्या, विशीतल्या पोरांच्या आधी, आणि उठून नुसत्या बसल्या नव्हत्या तर कामाला लागल्या होत्या. डॉ. क्विस्टनी बुटांवरून नजर उचलली आणि त्यांचे डोळे निळे आहेत हे मला नऊ वर्षांनी कळलं. मी कॉफीची किटली घेऊन त्यांच्या मागे उभी होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की ती बाई माझी आत्या आहे असं ओरडून सांगावं, पण मनाई. तेवढ्यात हमदी म्हणाली, "आणि अठरा नंबर, वय एकावन्न. हेही वेगळं आहे."

आत्या, बशी मोकळी होती. चौथ्या दिवशी एक पेशी उठली होती, जरा हलली होती आणि परत झोपली होती. एक्याण्णव वर्षांच्या आजोबांची बशीसुद्धा माझ्यापेक्षा भरलेली होती. हमदीने दोनदा नव्याने करून पाहिलं होतं, तीच गत. टेबलाभोवती सगळ्यांचे चेहरे दयेने मऊ झाले. डॉ. क्विस्ट हळूच म्हणाले, "बिचारा. जन्म लोखंडाच्या खाणीत काढलेला असणार." दुसरे म्हणाले, दारू असेल. तिसऱ्यांना काळजी पडली की या माणसाचं घरी बघणारं कोणी आहे की नाही. मी कॉफी ओततच राहिले. कपात, बशीत, टेबलावर आणि शेवटी डॉ. क्विस्टच्या विजारीवर. ते म्हणाले, "काही हरकत नाही, आज कॉफी तशी बेताचीच गरम आहे." आणि चालत बाहेर गेले, जरा वाकडे.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. वड्या सोडल्या. डोळ्यांखाली लावायचं मलम आणलं, मग लक्षात आलं की प्रश्न मांडीचा आहे, म्हणून ते मांडीला लावलं. जिना चढताना कठडा धरायला लागले. एकाने माझ्यासाठी दार उघडं धरलं (आपल्याकडे सगळेच धरतात, पण त्या दिवशी मला ते लागलं) तर मी त्याच्याकडे इतकं तुसड्यासारखं बघितलं की तो माफी मागून गेला. आजीचा क्रुमकाकेचा (त्या गोड, पातळ सुरळ्यांचा) साचा माझ्यामागे कोणी घ्यायचा हे एका कागदावर लिहून ठेवलं. आणि तुला रोज फोन करावासा वाटायचा, पण तू उचलून म्हणणार, 'थांब, लाकडं फोडते आहे, हात मोकळे नाहीत.' ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. इकडे डॉ. क्विस्ट दिवसेंदिवस खुलत चालले होते. परवा गुरुवारी, चौदाला, तपासणी समिती येते आहे. केंद्र चालू ठेवायचं की जूनमध्ये कुलूप लावायचं हे तीच ठरवणार. कुलूप लागलं तर आम्ही अकरा जण घरी. आणि समितीला दाखवायचा सगळा अर्ज त्यांनी सतरा नंबरभोवती नव्याने लिहिला होता. पहिल्या पानावर तुझी बशी.

आणि मग परवाचा रविवार. चर्च सुटलं, सगळे दारापाशी आलो, आणि नेहमीप्रमाणे कोणी बाहेर पडेना. हे म्हणतात तुम्ही व्हा पुढे, ते म्हणतात छे, तुम्ही. दार सताड उघडं, बाहेरचं वारं आत, पास्टरसाहेबांचे कान लाल. त्या गर्दीत उभी असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जानेवारीतला तो दिवस आठव. आपण दोघी बाकावर, नर्स डार्लीन दार उघडून म्हणाली, "सतरा." तू अर्धवट उठलीस आणि मला म्हणालीस, तू जा लिनेट, तुला कामं आहेत. मी म्हटलं, नाही आत्या, तूच जा, तुला लांब जायचंय. तू परत म्हणालीस, मी परत नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा मी गेले, कारण दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं हे आपल्याकडे पोरं चालायच्या आधी शिकतात. आणि आत ट्रेमध्ये बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, नंबरवारच असणार. म्हणजे माझा तुकडा सतराच्या बाटलीत गेला आणि तुझा अठराच्या. तीस तासांत उठलेल्या त्या पेशी माझ्या. आत्या, मला सांगायला लाज वाटते, पण मी चर्चच्या गाडीतळावर बर्फात एक गिरकी घेतली आणि घरी दोन-दोन पायऱ्या एकदम चढले.

काल सकाळी डॉ. क्विस्टकडे गेले आणि सगळं सांगितलं. (अठरा नंबर कोण हेही सांगावं लागलं, पण आता त्याची काय लाज.) मी आनंदात बोलत सुटले होते. ते माझ्या बुटांकडे बघत ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, "हं. वेगळंच आहे." नऊ वर्षांत इतक्या बारीक आवाजात ते मी ऐकलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की एकावन्न वर्षांच्या बाईच्या पेशी बऱ्या निघाल्या यात कोणी विमानाने येऊन बघण्यासारखं काहीच नाही. पहिलं पान गेलं, अर्ज गेला, अकरा जणांची नोकरी गेली, त्यांत माझीही. स्वतःच्या मांडीच्या कौतुकात मला हमदीची आठवणसुद्धा झाली नव्हती. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आत्यांकडून लेखी मागवून घ्या, आधी कोण आत गेलं ते. ते मागाहून आलं तरी चालेल, गुरुवारी समितीला आपणच सांगू." आणि मला दार उघडून दिलं.

तेव्हा आत्या, एक ओळ लिहून पाठव: त्या दिवशी आधी लिनेट आत गेली, तू नंतर. आणि आता तुझी बशी म्हणजे चारचौघींसारखी चौऱ्याऐंशीची बशी हे सिद्ध झालंच आहे, तर त्याच पेनाने 'बर्चवन'च्या फॉर्मवरही सही कर. छपरं, लाकडं, तळ्यातली भोकं हे सगळं आता पुरे. मी हे प्रेमापोटी म्हणते आहे. केंटलाही बरं वाटेल.

सर्वांना नमस्कार. कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरव.

तुझी (आणि बशीतल्या पुराव्याप्रमाणे विशीतली) भाची,
लिनेट

ता. क. बुधवार दुपार. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरंच झालं. डार्लीन पंधरा दिवस लेकीकडे गेली होती, ती आज कामावर आली. तिला मी सगळं सांगितलं, बाटल्यांची ओळ, नंबरवार, वगैरे. ती हातातला ट्रे खाली ठेवून हसली. म्हणाली, "लिनेट, सव्वीस वर्षं मी या राज्यात सुया टोचते आहे. आजवर एक माणूस आपल्या नंबराला आत आलेला नाही. आधी लेबलं चिकटवून ठेवायला मी काय बाहेरगावची आहे?" बाटल्या कोऱ्याच असतात. ती आधी जन्मतारीख विचारते, तुकडा घेते, आणि मग माणसाच्या डोळ्यांदेखत लेबल लावते (माझे डोळे तेव्हा घट्ट मिटलेले होते). तिच्या वहीत माझी सही नऊ पंचावन्नची आहे, तुझी दहा वीसची, आणि लेबलं अगदी जिथल्या तिथे. मी तारीख सांगून वर "एप्रिल असला तरी बर्फ होता म्हणे" असंही म्हटलं होतं, ते तिला आठवतं. म्हणजे मी आधी गेले हे खरं, पण त्याने काहीच बदललं नाही. सतरा तूच. अठरा मीच. मी खुर्चीवर बसले, आणि खरं सांगते, उठायला वेळ लागला. डॉ. क्विस्टना जाऊन सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की तो माझ्यासमोर कसा लपवावा हे त्यांना कळेना. त्यांनी पुन्हा एकदा मला निळे डोळे दाखवले आणि म्हणाले, "अठरा नंबर नसता तर सतरा इतका उठून दिसला नसता." मग ताटलीतली शेवटची वडी उचलली आणि न कापता, अख्खी, माझ्या हातात ठेवली. आत्या, मला तेव्हा रडू आलं. इतकी दया माझ्यावर कोणी कधी केली नव्हती.

ता. क. २. ती एक ओळ पाठवू नकोस, आता तिची गरज नाही. फॉर्मही फ्रीजवरून काढ आणि या पत्राबरोबर शेगडीत घाल. मी रात्रीच्या आत केंटला फोन करते. काय म्हणेल ते मला पाठ आहे. आता नीट आठवून बघते तेव्हा कळतं, तू 'बर्चवन'ला तीनदा नाही म्हणाली होतीस: एकदा त्यांच्या खोलीत, एकदा गाडीत, एकदा तुझ्या पायरीवर. आपल्याकडे तीनदा नाही म्हणजे खरंच नाही. हे परक्या माणसालाही समजलं असतं. मी तुझ्याच घरातली असून मोजलं नाही, त्याबद्दल मला माफ कर.

ता. क. ३. 'बर्चवन'वाल्यांना फोन करून विचारलं की ती खोली माझ्या नावावर करता येईल का. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. पंचावन्न पूर्ण लागतात. म्हणजे अजून तीन वर्षं आणि वर महिनाभर आहे, आणि हमदीच्या बशीकडे बघता तेवढे दिवस माझ्याकडे कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. वरची खोली नको, जिना आहे. शिवणयंत्राची खालची चालेल. सोमवारी सकाळी तू मला गाडीने केंद्रावर सोडशील, रस्त्यावर बर्फ असला की मला आताशा धीर होत नाही. वड्या मी करीन, लोणी तू म्हणशील तेवढं घालीन. तू मला दोनदा विचारलं आहेस, आणि दोन्ही वेळा मी हसून नको म्हटलं. आता तिसऱ्यांदा विचार.